हा रंग कोणाचा? ई-पुस्तकातील अनाहूत हायलाइट आणि वऱ्हाडचा ‘ऱ्ह’

छापील पुस्तकात एखाद्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ दिसली, तर ती कोणीतरी हाताने ओढली आहे एवढे निश्चित असते. ती कोणी ओढली, एवढेच काय ते वाचकाला ठाऊक नसते. पडद्यावरील पुस्तकाचे तसे नाही. मजकुरामागे उमटलेला पिवळा, निळा किंवा गुलाबी पट्टा, ज्याला वाचनाच्या जवळजवळ सर्वच ॲपमध्ये ‘हायलाइट’ म्हणतात, तो वाचकाने स्वतः कधीतरी उमटवून विसरलेला असू शकतो, त्याच खात्यावर वाचणाऱ्या घरातील दुसऱ्या व्यक्तीचा असू शकतो, अनोळखी वाचकांच्या खुणांची बेरीज असू शकतो, आणि पुष्कळदा तो कोणाचाच नसतो, म्हणजे शोध, मोठ्याने वाचन किंवा दुव्याची रचना अशा एखाद्या सोयीचा मागे राहिलेला ठसा असतो. त्यामुळे रंग घालवायचा कसा हे विचारण्याआधी रंग कोणाचा आहे हे ठरवावे लागते. ते न ठरवता ॲप काढून पुन्हा बसवण्याचा जो सर्रास सल्ला दिला जातो, त्याने नको असलेली खूण कधी जाते, कधी तशीच राहते, आणि हवी असलेली टिपणे मात्र हमखास धोक्यात येतात.

वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील वाचकाला ही अडचण अधिक भेडसावण्याचे कारण त्याच्या वाचनाच्या सरमिसळीत आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा विद्यार्थी अभ्यासक्रमाची पीडीएफ वाचतो, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार दहा हातांतून आलेली टिपणे वाचतो, शेतकरी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी मोबाइलवर उघडतो, तर मराठी भाषा विद्यापीठामुळे अलीकडे पुन्हा चर्चेत आलेल्या रिद्धपूरच्या महानुभाव वाङ्मयाचा अभ्यासक जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती चाळतो. एकाच फोनमध्ये युनिकोडातील ई-पुस्तक, जुन्या फाँटमधून तयार झालेली पीडीएफ आणि पानांची नुसती छायाचित्रे नांदत असतात, आणि या तिन्हींत हायलाइट नावाची वस्तू वेगवेगळ्या प्रकारे घडते.

हे घडणे समजल्याशिवाय पुढचे उपाय अंधारात चाचपडल्यासारखे होतात. हायलाइट म्हणजे अक्षरांना दिलेला रंग नव्हे. ती मजकुराबाहेर ठेवलेली एक नोंद असते आणि ॲप पान दाखवताना ती नोंद वाचून पट्टा रंगवते. ईपब किंवा किंडल यांसारख्या प्रवाही पुस्तकांत, म्हणजे ज्यांतील मजकूर अक्षराचा आकार बदलताच नव्याने मांडला जातो अशा पुस्तकांत, ही नोंद मजकुरातील स्थान सांगते: अमक्या परिच्छेदातील अमक्या अक्षरापासून तमक्या अक्षरापर्यंत. पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असल्याने तेथे नोंद चौकटीची असते. पानाच्या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर, इतक्या लांबीरुंदीचा पट्टा. या भेदाचे परिणाम सरळ आहेत. प्रकाशकाने ई-पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती पाठवली आणि तिच्या आरंभी दोन परिच्छेद वाढले, तर वाचकाची जुनी खूण एखाद्या भलत्याच वाक्यावर सरकलेली दिसू शकते. तर पीडीएफवरील खुणा नव्या प्रतीत आणल्या आणि मधल्या काळात ओळी वरखाली झाल्या असतील, तर पट्टा दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर किंवा समासात जाऊन बसतो. खूण मुद्दाम कोणी हलवलेली नसते. तिच्या खालची जमीन हललेली असते.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. अनपेक्षित पट्ट्यावर बोटाने एकदा हलकेच दाबावे. रंग बदलण्याचा, टीप जोडण्याचा किंवा खूण पुसण्याचा पर्याय समोर आला, तर ती जतन झालेली नोंद आहे. काहीच न घडता पट्टा नाहीसा झाला, तर तो तात्पुरता होता. काहीच घडले नाही आणि पट्टाही तसाच राहिला, तर एकतर तो ॲपच्या एखाद्या सोयीने चालू ठेवलेला आहे, किंवा तो पानाच्या चित्राचाच भाग आहे. हा शेवटचा संशय फेडण्यासाठी तीच फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहावी. तेथेही रंग हुबेहूब तसाच असला आणि टिपणांच्या यादीत त्याचा उल्लेख नसला, तर बहुधा मूळ छापील प्रतीवर कोणी तरी मार्कर फिरवून मग ती स्कॅन केलेली आहे. अशा रंगावर वाचन-ॲपमध्ये इलाज नाही. वाचनालयातील पुस्तकावर आधीच्या वाचकाने उमटवलेले पांडित्य जसे सोसावे लागते, तसे तेही सोसावे.

जतन झालेल्या नोंदीचे तीन मुख्य उगम आहेत. पहिला म्हणजे सामाईक खाते. एका घरात एकच खाते तीन फोनांवर चालू असते आणि वाचनस्थान व खुणा सर्व उपकरणांवर सारख्या ठेवण्याची सोय, जिला समक्रमण किंवा बोलीभाषेत ‘सिंक’ म्हणतात, ती बहुधा आपोआप सुरू असते; परिणामी अकोल्यात वडिलांनी उमटवलेली खूण पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या पुस्तकात काही क्षणांत प्रकट होते. येथे सावधगिरी महत्त्वाची आहे, कारण अशी खूण पुसली की ती सर्वच उपकरणांवरून जाते आणि कोणाच्या तरी अभ्यासावर पाणी फिरते. प्रत्येकाचे खाते वेगळे करणे, किंवा ॲप कुटुंबासाठी वेगळे प्रोफाइल देत असल्यास ते वापरणे, हाच टिकाऊ मार्ग होय. दुसरा उगम म्हणजे किंडलवरील ‘पॉप्युलर हायलाइट्स’. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके अधिकृतपणे उपलब्ध झाली, आणि त्यामुळे मराठी वाचकालाही ही सोय भेटू लागली. पुष्कळ वाचकांनी एकच वाक्य अधोरेखित केले असेल, तर ते इतरांच्या प्रतीत तुटक रेघेने दाखवले जाते आणि किती जणांनी ते टिपले हेही सांगितले जाते. ही वाचकाची स्वतःची खूण नसल्याने ती पुसता येत नाही, मात्र वाचनाच्या पर्यायांत जाऊन ती दाखवणे बंद करता येते. आणि अभ्यासपूर्वक वाचणाऱ्याने ती बंद करावी हे बरे, कारण गर्दीला जे वाक्य आवडले ते ग्रंथाचे मर्म असतेच असे नाही.

तिसरा उगम आपल्याकडे सर्वांत मोठा आहे, तो म्हणजे हातोहात फिरणारी पीडीएफ. पीडीएफमधील हायलाइट, तरंगती टीप, खोडलेली ओळ या सर्वांना मिळून ‘कॉमेंट’ किंवा ‘ॲनोटेशन’ म्हणतात आणि जतन करताना त्या फाइलच्या आतच साठवल्या जातात. त्यामुळे व्हॉट्सॲपवरून आलेल्या टिपणांबरोबर ती आधी वाचणाऱ्यांच्या खुणाही येतात. ॲक्रोबॅट रीडर आणि तत्सम ॲपमध्ये कॉमेंटची यादी उघडली, की प्रत्येक खुणेसमोर ती उमटवणाऱ्याचे नाव आणि वेळ बहुधा दिसते. तेथूनच नको त्या खुणा निवडून काढता येतात. मात्र कोणी ती फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून पुढे पाठवली असेल, तर खुणा पानाच्या चित्रात मुरून गेलेल्या असतात आणि यादी रिकामी दिसते. अशा वेळी मूळ प्रकाशकाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वच्छ प्रत पुन्हा उतरवून घेणे हे रंग पुसण्याच्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडते.

तात्पुरत्या पट्ट्यांची कहाणी लवकर सांगता येते. पुस्तकात शब्द शोधल्यावर सापडलेल्या जागा रंगीत राहतात. शोधाची चौकट फुलीवर दाबून बंद केली की त्या जातात. ‘मोठ्याने वाचा’ ही सोय चालू राहिली, तर वाचला जाणारा शब्द किंवा वाक्य रंगीत होत पुढे सरकते आणि आवाज बंद असल्यास रंगच तेवढा आपोआप धावताना दिसतो, हे पाहून फोनमध्ये काही शिरल्याचा समज होतो. शोधयंत्रातील उत्तरावरून एखादे पान उघडले आणि त्यातील एक वाक्य आधीच रंगलेले दिसले, तर तो दुव्याचा गुण असतो: क्रोम ब्राउझरने २०२० मध्ये पत्त्याच्या शेवटी हॅश चिन्हानंतर मजकुराचा तुकडा जोडण्याची सोय आणली आणि ब्राउझर त्या तुकड्यापाशी पान नेऊन तो रंगवतो. पत्त्यातील हॅशपासूनचा भाग खोडून पान पुन्हा उघडावे, म्हणजे रंग उरत नाही. शिष्यवृत्ती किंवा प्रवेशाच्या भरावयाच्या पीडीएफ अर्जांत रिकाम्या जागा फिकट निळ्या दिसतात, तोही हायलाइट नसून ‘येथे लिहा’ अशी खूण असते; ती छपाईत येत नाही आणि अर्जाच्या पट्टीवरील पर्यायातून लपवता येते. अँड्रॉइड फोनच्या दोन्ही आवाज-कळा एकत्र काही सेकंद दाबल्या गेल्यास दृष्टिहीनांसाठीची ‘टॉकबॅक’ सोय सुरू होऊ शकते, मग निवडलेल्या घटकाभोवती चौकट दिसते आणि एका स्पर्शाचे काम दोन स्पर्शांवर जाते. त्याच कळा पुन्हा तशाच दाबल्या की ती बंद होते.

यानंतर मराठीचा खास प्रश्न येतो, ज्यावर इंग्रजीतील मदतपुस्तिका मौन पाळतात. डोळ्याला जे एक अक्षर दिसते, ते संगणकाच्या साठवणीत एक असतेच असे नाही. ‘रिद्धपूर’ या शब्दातील ‘द्ध’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या मानकात, द, हलंत आणि ध अशा तीन चिन्हांनी लिहिले जाते. हायलाइट कोठून सुरू करायचा आणि कोठे संपवायचा हे ठरवताना ॲप या साखळीतील कोणत्या कड्यावर थांबते, यावर पट्टा पूर्ण अक्षरावर बसेल की अर्ध्यावर, हे अवलंबून असते. जुन्या ॲपमध्ये ‘विद्यापीठ’ हा शब्द निवडताना पट्टा ‘द्य’च्या मधोमध तुटतो, किंवा प्रत पुढे चिकटवल्यावर शेवटी लोंबकळता हलंत उरतो, त्याचे कारण हेच. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकसंध धरावीत असा नियम अक्षरगटांच्या व्याख्येत घातला; त्यामुळे अक्षराच्या पोटात तुटणाऱ्या हायलाइटवर पहिला उपाय म्हणून ॲप आणि फोनची प्रणाली अद्ययावत करावी, आणि तेही शक्य नसल्यास निवड एक शब्द मागेपुढे वाढवून घ्यावी.

याहून गमतीदार अडचण खुद्द ‘वऱ्हाड’ या नावात दडलेली आहे. त्यातील ‘ऱ्ह’मध्ये जो अर्धा र आहे, ज्याला त्याच्या वळणावरून पापणीचा र म्हणतात, तो मराठीची खासियत आहे आणि युनिकोडमध्ये तो एकाहून अधिक रीतींनी लिहिला जाऊ शकतो. पहिली रीत म्हणजे टिंबाचा ‘ऱ’ आणि त्यापुढे हलंत; इनस्क्रिप्ट कळफलकावर रच्याच कळीवर शिफ्ट धरून हा ऱ मिळतो. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, जो पुढच्या अक्षराला रफार घेऊ देत नाही. जुन्या साहित्याच्या रूपांतरात ही रीत पुष्कळदा आढळते. तिसरी, क्वचित दिसणारी रीत म्हणजे साधा र, खालचा नुक्ता आणि हलंत. तिन्ही पडद्यावर एकसारख्या दिसतात, पण पहिल्या रीतीत हा शब्द सहा चिन्हांचा आणि उरलेल्या दोहोंत सात चिन्हांचा होतो. जोडक गळाला तर ‘वर्हाड’ असे रूप उमटते, जे फलकांवर आणि लग्नपत्रिकांवर नजरेला येते आणि ज्याचा दोष लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनावर उगाच ढकलला जातो.

याचा हायलाइटशी संबंध शोधाच्या वेळी येतो. वाचकाने पहिल्या रीतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ शोधला आणि पुस्तक दुसऱ्या रीतीचे असले, तर काही ॲप या भेदाकडे दुर्लक्ष करून शब्द शोधून काढतात, काही एकही जागा रंगवत नाहीत. आणि लेखांच्या संकलनात दोन्ही रीती मिसळलेल्या असल्या, तर अर्धे वऱ्हाड पिवळे होते आणि अर्धे कोरे राहते. उलट बाजूने, कोणी अस्थिरोगावरील माहितीसाठी ‘हाड’ हा शब्द शोधला, तर प्रत्येक ‘वऱ्हाड’चे आणि प्रत्येक ‘पहाड’चे शेपूट रंगते, कारण तुकड्याने शोधणाऱ्या ॲपला शब्दाची सुरुवात कळत नाही. कृषी साहित्यात हाच घोळ अधिक महाग पडतो. ‘शेतकरी’ या शब्दाची विभक्ती लागलेली रूपे, ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘शेतकऱ्याचा’, ही सर्व पापणीच्या रने बनतात. म्हणून ‘शेतकर’ एवढाच तुकडा शोधला, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेली रूपे सापडतात आणि पहिल्या रीतीची निसटू शकतात. अशा वेळी ‘शेतक’ एवढेच लिहून शोधावे. ‘शेतकी’सारखे थोडे जास्तीचे शब्द रंगतील, पण हवे ते सुटणार नाही. त्याच न्यायाने ‘वाऱ्यामुळे’, ‘कोऱ्या’, ‘दऱ्या’ असे शब्द शोधताना पापणीच्या आधीचा भाग घ्यावा, आणि तो फारच आखूड पडत असेल तर पुस्तकातीलच शब्दाची प्रत करून ती शोधचौकटीत चिकटवावी, म्हणजे लिहिण्याची रीत आपोआप जुळते. ‘ॲप’मधील ‘ॲ’लाही हेच लागू आहे, कारण तो एका स्वतंत्र चिन्हानेही लिहिला जातो आणि अ, अदृश्य जोडक व अर्धचंद्र अशा साखळीनेही.

जुन्या फाँटमधील पीडीएफ ही याची पुढची पायरी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईत श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांचे राज्य होते आणि त्यांतील कित्येकांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले होते. म्हणजे पडद्यावर ‘कापूस’ दिसला तरी आत रोमन चिन्हांचा भेंडोळा असतो. अशा फाइलवर हायलाइट उमटतो, पण यादीत त्याचा मजकूर अगम्य दिसतो आणि मराठी शब्द शोधून काही सापडत नाही. शिवाय या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे ‘किती’ हा शब्द निवडताना पट्टा वेलांटी सोडून सुरू होतो किंवा मागच्या शब्दाला चिकटतो. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण ती मजकुरासाठी आहेत. पीडीएफच्या मांडणीसह रूपांतर नीट होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

छायाप्रतींत मजकूर असा नसतोच; तेथे अक्षर-ओळख, म्हणजे चित्रातून अक्षरे वाचणारी ओसीआर ही प्रक्रिया, चित्रामागे अदृश्य मजकुराचा थर बसवते आणि हायलाइट त्या थराला चिकटतो. पान स्कॅन करताना तिरके गेले असेल, तर थर आणि चित्र एकमेकांवर बसत नाहीत आणि बोट एका ओळीवर, पट्टा दुसऱ्या ओळीवर अशी स्थिती होते. मुख्य मजकूर, पाठभेद आणि तळटीपा एकाच पानावर असलेल्या संपादित ग्रंथांत, जसे डॉ. वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेले आणि १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केलेले ‘लीळाचरित्र’, ओसीआरला ओळींचा क्रम नीट न लागल्यास लीळेतील एक वाक्य निवडताना खालचा पाठभेदही रंगून निघू शकतो. इलाज असा, की पान सरळ करून ओसीआर पुन्हा चालवावे आणि भाषा म्हणून हिंदी न निवडता मराठी निवडावी, कारण टेसरॅक्ट या मुक्त साधनात मराठीसाठी स्वतंत्र प्रशिक्षित विदा आहे आणि हिंदीची विदा ‘ळ’ व पापणीच्या रवर अडखळते. एवढा उपद्व्याप नको असेल, तर पीडीएफ-ॲपमधील मुक्त चौकट किंवा ब्रश वापरून हव्या त्या भागावर रंग द्यावा; तो अदृश्य थराकडे पाहत नाही.

या सर्वांतून काहीच लागू पडले नाही आणि पट्टे वाचता वाचता आपोआप उमटत राहिले, तर संशय पडद्यावर घ्यावा. स्पर्श-पडदा बोटाच्या विद्युत्-गुणावर चालतो. वैशाखात अकोल्याचे तापमान पंचेचाळिसाच्या घरात असताना घामेजलेले बोट, भिजलेली काच, निघू लागलेला स्क्रीनगार्ड किंवा निकृष्ट चार्जर लावून वाचणे, यांतून न केलेला दीर्घस्पर्श नोंदला जातो आणि बहुतेक ॲपमध्ये दीर्घस्पर्श म्हणजेच हायलाइटची सुरुवात असते. चार्जर काढून, काच पुसून आणि स्क्रीनगार्ड उतरवून दहा मिनिटे वाचून पाहावे. फरक पडला, तर कारण कळले. न पडल्यास फोनच्या सुलभतेच्या पर्यायांत दीर्घस्पर्शाचा कालावधी वाढवावा, ज्याचा लाभ थरथरत्या हातांच्या ज्येष्ठ वाचकांनाही होतो.

खुणा घाऊक पुसण्याआधी त्या निर्यात करून, म्हणजे स्वतंत्र फाइल म्हणून बाहेर काढून, ठेवाव्यात. किंडलवर प्रकाशकाने घातलेल्या मर्यादेमुळे फार मोठ्या प्रमाणात टिपलेला मजकूर अर्धवट बाहेर येतो, हे ध्यानात असू द्यावे. तसेच किंडल उपकरणातील ‘माय क्लिपिंग्ज’ ही फाइल पुस्तकातील खुणेपासून स्वतंत्र असते: पुस्तकातून खूण पुसली तरी तिची जुनी नोंद त्या फाइलमध्ये राहते, आणि चुकून पुसलेले टिपण परत मिळवायचे असेल तर उपकरण तारेने संगणकाला जोडून सर्वांत आधी तेथेच पाहावे.